सेल्बीमामाने बर्फाकडे पाठ केली तो दिवस

सेल्बीमामाने बर्फाकडे पाठ केली ती उभ्या आयुष्यात एकदाच. एरवी त्याची नजर कायम पाण्याकडे, वाहत्या हिमनगांकडे. जेवायला बसला तरी खिडकीसमोरची खुर्ची त्याची, कुणाच्या लग्नाला गेला तरी चर्चच्या दारातून एक डोळा बाहेर. वर्नामामी म्हणायची, "माझ्याकडे एवढं टक लावून बघितलं असतंस ना सेल्बी, तर मी म्हातारी झालेच नसते."

मामा म्हणायचा, "तू कुठं उलटणारेस? जी उलटणार तिच्याकडं बघावं लागतं."

मग मामी हातातलं फडकं फेकून मारायची. "मी उलटले ना, तर तुला पत्ता पण लागणार नाही कधी उलटले त्याचा!"

आम्ही सगळे हसायचो.

मामा गेला त्याला आता महिना होत आला. दफनाच्या वेळी पाद्रीबाबा चांगलं बोलले, नाही असं नाही. म्हणाले दर्यावर्दी होता, शेजारधर्म पाळणारा होता, चर्चचं छप्पर त्याने फुकट दुरुस्त करून दिलं. सगळं खरं. पण ते कुणाबद्दलही बोलता येतं. मामाचं जे होतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून हे लिहायला बसावं लागलं.

शोल कोव्ह ह्या आमच्या खाडीकाठच्या गावात जन्मला, शोल कोव्हमध्येच गेला. बापाबरोबर कॉड मासा धरायचा. मग सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि गावातल्या माणसांचे हातच गळून पडल्यासारखे झाले. अर्धं गाव कामासाठी लांब अल्बर्टाला गेलं. मामीची माशांच्या कारखान्यातली नोकरी पण गेली. मामा काही हलला नाही. दोन हिवाळे लाकडं फोडली, लोकांच्या होड्यांची डागडुजी केली, आणि मग सेंट जॉन्स बंदरातून समुद्रातल्या तेलाच्या रिगना सामान पोचवणाऱ्या जहाजावर डेकवर लागला. तिथंच पुढं त्याचं बर्फाचं काम सुरू झालं.

काम काय, तर उत्तरेकडून हिमनग वाहत येतात. त्यातला एखादा सरळ रिगवर चाल करून येतो. रिगवर शंभरावर माणसं, खाली समुद्राच्या तळात भोक पाडलेलं. मग जहाजाने त्या नगाला वळसा घालत लांबच लांब तरंगती दोरी सोडायची, दोन्ही टोकं जोडायची आणि हळूहळू ओढायचं. ओढून कुठं नेत नाहीत हो, नुसता रोख बदलायचा. दारुडा सरळ तुमच्या दारावर येत असला तर त्याच्या खांद्याला धरून जरा रस्त्याच्या कडेला घ्यायचा, तेवढंच. पण हा दारुडा म्हणजे आमच्या अख्ख्या गावाएवढा. आणि ओढताना त्याने कूस बदलली तर दोरी, जहाजाची मागची बाजू आणि तिथं उभी असलेली माणसं, सगळं ओढून घेतो. म्हणून दोरी टाकायच्या आधी कुणीतरी बघून सांगायला लागतं की हा स्थिर आहे का नाही.

मामा नगाला बाई म्हणायचा. "बाई बसल्यात," म्हणाला की दोरी पडायची. "बाई उठायच्या बेतात आहेत," म्हणाला की सगळे थांबायचे.

बघायचं काय ते त्याने आम्हाला स्वयंपाकघरात समजावलं होतं, दुधाचं पातेलं हातात घेऊन. पातेल्यात दूध आटलं की कडेला रेघ राहते बघा, तशा नगाच्या अंगावर पाण्याच्या जुन्या रेघा असतात. रेघ पाण्याशी समांतर असली तर बाई बऱ्याच दिवसांपासून तशाच बसल्यात. तिरकी असली तर मधे कधीतरी कलल्यात. आणि दोन-तीन रेघा एकमेकींना कापत असल्या तर बाईंना झोप नाही, लांब राहा. मग पाण्याखाली पाय, म्हणजे बुडालेला बर्फ, किती पुढं आलाय, वरून ढलप्या कुठल्या अंगाला पडतायत, पक्षी निवांत बसलेत का सारखे उठतायत. पाण्याखालचं यंत्राने दिसतं. त्यासाठी जहाजावर कोरली स्नूक म्हणून पोरगी होती, कॉलेजात बर्फाचंच शिकलेली. दक्षिण किनाऱ्यावरची, बोलायला फटकळ. मामाचं आणि तिचं चांगलं जमायचं. ती पाण्याखालचं बघायची, तो वरचं, आणि दोघांचं जुळलं तरच दोरी.

"सेल्बीकाका, तुमच्या बाईंचा डावा पाय फार लांब आहे बरं का."

"मग डाव्या बाजूने जायचंच नाही. लाथ मारतील."

असं चालायचं त्यांचं.

आता एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सीलची शिकार करायला माणसं गोठलेल्या समुद्रावर चालत जायची तेव्हापासूनची आहे. ज्याला त्या दिवशी घरी पोचायची घाई आहे त्याने बर्फ बघायचा नाही. पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने बघायचं आणि तो म्हणेल ते मान्य. आणि त्याला दोनदा विचारायचं नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं की माणूस भिडेला पडतो.

ही रीत मामीच्या घरातूनच आली म्हटलं तरी चालेल. मामीचे आजोबा एलियोल शिकाऱ्यांच्या ज्या टोळीत होते तिच्या म्होरक्याची बायको अडलेली होती. त्याने बर्फ बघितला, म्हणाला धरतोय, चला. बर्फाने नाही धरलं. म्होरक्या गेला, एलियोल गेले, आणखी माणसं गेली. ते मूल मात्र जन्मलं. मोझ त्याचं नाव. आमच्या गावातच म्हातारा होऊन मेला. त्याला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, पण तो चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसायचा, आणि मामी लहानपणापासून त्याच्या शेजारी जाऊन बसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं बसायला.

जहाजावरही ही रीत सगळे पाळायचे, कप्तानसुद्धा. गंमत पण करायचे तिची. स्वयंपाकी हेडलीच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा त्याला कुणी खिडकीशी उभं राहू देईना. "ए हेडली, मागं हो, तुला बाई बसलेल्याच दिसतील!"

त्या वर्षी मामी आजारी होती. पोटात गाठ निघाली ती उशिरा कळली. डॉक्टर म्हणाले उन्हाळा निघेल. मामाची जहाजावर जायची पाळी आली तर तो जाईना. मामीनेच घालवला त्याला.

"इथं बसून काय माझे श्वास मोजणारेस? जा. तू घरात असलास की मला स्वस्थ झोपता येत नाही, सारखा पांघरूण सारखं करतोस."

"तुला गार लागतं."

"मला गार लागतं ते मला कळतं. तू जा, आणि येताना बाईंचा तुकडा आण, मला पाण्यात घालून चोखायचाय. इथला फ्रिजचा बर्फ म्हणजे नुसता साबण."

जुना नगाचा बर्फ पाण्यात टाकला की तडतड आवाज करतो. मामीला तो आवाज आवडायचा. म्हणायची कुणीतरी आतून कुजबुजतंय.

तर मामा जहाजावर गेला. आणि तो गेल्यावर मामीची तब्येत एकदम खालावली. सेंट जॉन्सच्या इस्पितळात हलवलं. आमची आई डॉर्कस, मामाची थोरली बहीण, तिच्याजवळ होती. मामीला आता स्वतःहून कुशीवर होता येत नव्हतं, आई आणि नर्स मिळून तिला वळवायच्या. एका सकाळी डॉक्टरीणबाई आईला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, नवऱ्याला बोलवा, उद्याचा दिवस निघेल असं मी म्हणत नाही.

आईने जहाजावर फोन लावला. कप्तान कीपिंगने घेतला. अँब्रोस कीपिंग, मामाच्याच वयाचा, दोघं एकाच वर्षी जहाजावर लागलेले. त्याने मामाला बाजूला घेतलं आणि सांगितलं. मामाने म्हणे नुसती टोपी काढली आणि परत घातली.

आता अडचण अशी. हेलिकॉप्टर मागवावं तर सेंट जॉन्सवर धुकं बसलेलं, जूनमधलं धुकं, विमानतळ बंद. जहाजाने जावं तर संध्याकाळी निघालेलं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात. पण जहाज निघणार कसं? समोर नग. सरळ रिगवर चाललेला. दुसरं जहाज उत्तरेला दुसऱ्या नगाशी झटत होतं. म्हणजे ह्या नगाला दोरी पडली, रोख वळला, तर संध्याकाळी जहाज मोकळं, सकाळी मामा मामीजवळ. दोरी नाही पडली तर जहाजाने तिथंच राहायचं, नगाबरोबर सरकत, रिगने काम थांबवून निघायची तयारी करायची, आणि बाईंचं काय ते ठरेपर्यंत बसायचं.

हे सगळं कप्तानाच्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

कप्तान म्हणाला, "सेल्बी, बाबा, तू बघ. तू जे म्हणशील ते. मी काही विचारणार नाही."

मामा म्हणाला, "अँब्रोस, मी कसा बघू? मला घाई आहे."

"अरे पण..."

"मला घाई आहे," मामा परत म्हणाला, आणि त्याने सगळ्यांसमोर पाठ फिरवली. खिडकीकडे पाठ. मग कोरलीला म्हणाला, "पोरी, आज वरचं पण तूच बघ. आणि ह्या लोकांनी तुला दोनदा विचारायचं नाही. विचारलं तर मला सांग."

कोरलीचं तोंड पांढरं पडलं. "सेल्बीकाका, मी एकटीने कधी..."

"मी पण एकदा पहिल्यांदाच बघितलं होतं. रेघा बघ, पाय बघ, पक्षी बघ. तुला येतं सगळं."

आणि तो खाली गेला हेडलीच्या स्वयंपाकघरात. तिथल्या गोल खिडकीकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, "बटाटे आण."

हेडली जहाजावरचा सगळ्यात बडबड्या माणूस. त्याने बटाट्यांचं पोतं आणून ठेवलं, चाकू दिला, चहात डब्यातलं दूध घालून समोर ठेवला. शेवटी म्हणाला, "जाड साल काढू नको रे, मागच्या वेळी तू सोललेस तेव्हा बटाटे कमी आणि सालं जास्त झाली होती."

मामा म्हणाला, "तुझ्या रश्शात सालंच चांगली लागतात."

एवढं बोलला तो.

वर कोरलीने जहाज नगाभोवती सावकाश फिरवायला लावलं. एक फेरी झाली. दुसरी झाली. जहाज वळलं की मामाला कळायचं, खिडकीतून येणारा उजेड पांढरा व्हायचा, भिंतीवर पडायचा, मग जायचा. नग जवळ असला की उजेड तसाच येतो, बर्फाचा. मामा भिंतीवरचा उजेड बघत बटाटे सोलत होता.

फेऱ्या झाल्या आणि कोरली म्हणाली, नाही. एका अंगाच्या रेघा सरळ आहेत पण पलीकडच्या अंगाला एक जुनी रेघ तिरकी आहे, आणि पाण्याखालचा पाय एकाच बाजूला पुढं आलाय. दोरी टाकायला नको. थांबायचं.

ती खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "सेल्बीकाका, मी नाही म्हणाले."

मामा मागं न वळता म्हणाला, "बरं."

"मला तुम्हाला..."

"बरं म्हणालो ना पोरी. जा वर. नजर काढू नको तिच्यावरून."

मग दुपारी आईने परत फोन लावला. मामी जागी होती. आईने फोन तिच्या कानाशी धरला. आई म्हणते मामीचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारी बसूनही नीट ऐकू येत नव्हता, पण मामाला सगळं ऐकू गेलं.

"सेल्बी? कुठायस?"

"हेडलीकडं. बटाटे सोलतोय."

"अरे देवा. कुणाचं नशीब फुटलं आज." मग ती दम घ्यायला थांबली. "समोर बाई आहेत का?"

"आहेत."

"तू बघत नाहीयेस ना?"

"नाही."

"मग कोण बघतंय?"

"कोरली."

"शहाणी पोर आहे ती," मामी म्हणाली. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

आईला वाटलं आता मामी रडेल. मामी रडली नाही. म्हणाली, "मोझ बिचारा. जन्मभर शेवटच्या बाकावर बसला." मग म्हणाली, "तू पाठ करूनच बस हं सेल्बी. मला गार नाही लागत. डॉर्कस पांघरूण नीट घालते."

"वर्ना, अगं..."

"तुकडा आण मात्र."

फोन बंद झाला. मामा परत स्टुलावर बसला. हेडली कोठारात काहीतरी आणायला गेला होता, का मुद्दाम गेला होता, देव जाणे. खिडकीतून पांढरा उजेड येत होता. आणि मामाने मान वळवली.

बघितलं त्याने.

आईला सांगताना म्हणाला, डॉर्कस, इतकी शांत बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. पाणी गुळगुळीत. रेघ अगदी सरळ, सुतारानं आखल्यासारखी. पक्षी ओळीनं बसलेले, एक उठत नव्हता. कंबरेला मस्त खाच होती, दोरी अलगद बसली असती. बसली होती गं ती बाई. माझे डोळे मला सांगत होते की बसलीय. मी इतकी वर्षं बघतोय, मला कधी इतकं पक्कं दिसलं नव्हतं.

तो उठला. मांडीवरची सालं तशीच खाली पडली. कमरेला हेडलीचा एप्रन, हातात चाकू, तसाच जिना चढायला लागला, वर जाऊन सांगायला की अँब्रोस, टाक दोरी. त्याने सांगितलं असतं तर दोरी पडलीच असती. कोरलीचं कुणी ऐकलं नसतं मग, तिने स्वतःसुद्धा स्वतःचं ऐकलं नसतं. मामा बोलला की जहाजावर विषय संपायचा.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला तर आतून कप्तानाचा आवाज आला. कप्तान वाईट माणूस नाही. पण मित्र होता ना तो.

"कोरली, पोरी, ह्या बाजूने बघ. सरळ दिसतेय. त्याची बायको चाललीय गं. एकदा परत बघ."

दोनदा विचारलं त्याने.

आणि कोरलीचा आवाज आला, रडत होती ती, नाक ओढत होती, शब्द नीट फुटत नव्हते, पण म्हणाली, "ह्या बाजूनं सरळच दिसते, कप्तान. त्या बाजूनं नाही दिसत. मी नाहीच म्हणणार. मला परत विचारू नका. मागच्या डेकवर चार पोरं उभी राहणार, त्यांची नावं घेऊन विचारा पाहिजे तर."

मामा तिथं उभा राहिला. दार ढकललं की झालं, एवढंच अंतर होतं. त्याला दिसली होती ती एकच बाजू, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली तेवढी. पण तेही खरं कारण नाही, तो आईला म्हणाला. मला माहीत होतं की मी वर जाऊन पलीकडची बाजू बघितली असती तर तीही मला सरळच दिसली असती. काहीही असलं तरी सरळच दिसलं असतं. माझे डोळे माझे राहिलेच नव्हते त्या दिवशी.

तो जिना उतरला. हेडली परत आला तेव्हा मामा खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि खाली पडलेली सालं गोळा करत होता.

मग धुकं आलं. शहरावर होतं तेच सरकत आलं असेल. नग दिसेनासा झाला, रडारवर नुसता ठिपका. जहाज त्या ठिपक्याबरोबर सरकत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला मामी गेली. आई म्हणते तिने खिडकीकडे वळव म्हणून सांगितलं, आईने आणि नर्सने तिला वळवलं, आणि वळवता वळवताच गेली. सकाळी बंदरात आलेलं एखादं जहाज असतं तर त्यातला माणूस तोपर्यंत चांगला तिच्याजवळ बसून राहिला असता. हे मामालाही कळत होतं. कुणी बोलायची गरज नव्हती.

आणि ती बाई? काही नाही. उलटली का नाही कुणाला कळलं नाही. प्रवाहाने आपोआप बाजूला झाली, रिगपासून लांबून निघून गेली. धुकं उठलं तेव्हा फार खाली दक्षिणेला गेली होती. मग ऊन पाण्यात विरघळली असेल. कोरली बरोबर होती का मामाचे डोळे बरोबर होते, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

मामा मामीच्या दफनाला पोचला. जहाजावरच्या शेवटच्या दिवशी होडी टाकून पाण्यातून एक तुकडा काढून आणला होता त्याने, मोठ्या नगाचा नाही, असाच कुठला तरी वाहत आलेला. तो त्याने स्वयंपाकघरात काचेच्या पेल्यात पाणी घालून टाकला. तडतडायला लागला. तो आवाज थांबेपर्यंत कुणी उठलं नाही.

त्यानंतर कोरली दर वर्षी यायची. बेकअ‍ॅपल पिकायच्या दिवसात, दलदलीत ती केशरी फळं वेचायला म्हणून, असं नुसतं निमित्त. मामाबरोबर जायची, डबा भरून आणायची, आई तळलेला पाव आणि काकवी करायची. आणि दर वर्षी जायच्या आधी दारात उभी राहून तेच विचारायची. म्हणजे शब्द वेगळे, पण तेच.

"सेल्बीकाका, त्या दिवशी तुम्ही बघितलं असतंत तर काय म्हणाला असतात?"

आणि मामा दर वर्षी म्हणायचा, "मला काय माहीत पोरी? मी बघितलंच नाही. मी बटाटे सोलत होतो."

"खरं?"

"हेडलीला विचार. म्हणाला सालं जाड काढली."

मग ती हसायची आणि जायची. मामा तिची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा. मग आत येऊन काहीच न करता बसायचा. आईला एकदा राहवलं नाही. "अरे, एवढं काय आहे? तू पाठ केलीस, पोरीने बघितलं, रीत पाळली. देवाने नेलं वर्नाला."

तेव्हा त्याने आईला सांगितलं. वर लिहिलं ते सगळं. आणि म्हणाला, "मला दोन गोष्टी छळतात डॉर्कस. एक म्हणजे वर्नाला मी म्हणालो बघत नाहीये, आणि फोन ठेवल्या ठेवल्या बघितलं. आणि दुसरी म्हणजे बघितलं तर बघितलं, मग बोललो का नाही. ज्या दिवशी पहिली जास्त छळते त्या दिवशी मी चांगला माणूस असतो. ज्या दिवशी दुसरी छळते त्या दिवशी मी वर्नाचा नवरा असतो." मग म्हणाला, "त्या पोरीला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला वाटू दे की मी बघितलंच नव्हतं. नाहीतर तिच्या जिवाला घोर लागेल की म्हाताऱ्याला बसलेली दिसली होती आणि माझ्यामुळे..."

आईने शब्द दिला.

मामा ह्या वसंतात गेला, छातीत दुखून, खिडकीसमोरच्या खुर्चीतच. बाहेर खाडीच्या तोंडाशी एक छोटा नग टेकलेला होता. बघतच गेला असणार.

दफनाला कोरली आली. आता तीच त्या जहाजांवरची बर्फाची मुख्य आहे, केसात पांढरं दिसायला लागलंय. सगळे गेल्यावर ती मागं राहिली, कपबशा विसळायला. आई पुसत होती. कोरली पाण्यात हात घालून उभी राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं."

"काय गं?"

"त्या दिवशी मी रडत बाहेर आले ना, तोंड धुवायला, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बटाट्याचं साल पडलेलं होतं. जाड, लांब. एप्रनवरून पडलं असणार. मी ते उचललं आणि समुद्रात टाकलं, कप्तानाला दिसू नये म्हणून."

आई बशी पुसत राहिली. तिने शब्द दिला होता.

"म्हणजे ते वर आले होते. बघितल्याशिवाय कशाला येतील? आणि उलटायच्या बेतात दिसली असती तर सांगायला येण्याची काय गरज होती, मी नाहीच म्हणत होते. त्यांना बसलेली दिसली मावशी." तिने कप उचलला, परत पाण्यात ठेवला. "दर वर्षी मी विचारायचे, की एकदा तरी सांगतील. त्यांना बोलायचं असेल तर बोलून मोकळं होऊ दे म्हणून विचारायचे. ते म्हणायचे बघितलं नाही, मग मी पण हसायचे. त्यांना वाटायचं मला कळलेलं नाही."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"एवढंच सांगा मावशी. दारापर्यंत आले होते. त्यांच्या एका शब्दावर दोरी पडली असती. मग परत का फिरले?"

आईने तिच्या हातातला कप काढून घेतला. तो मामीचा कप होता, निळ्या कडेचा. तो पुसून तिने फळीवर जागच्या जागी ठेवला.

"घाई होती गं त्याला," आई म्हणाली.

कोरलीने पाण्यातून हात काढले आणि खिडकीसमोरच्या त्या खुर्चीत जाऊन बसली. खिडकीकडे पाठ करून.